पाषाणांतील बेडूक आणि हौशी शोधक

उत्तनच्या किनाऱ्यावरून डोंगरीकडे पाहिलें म्हणजे जो खडक दृष्टीस पडतो, तो तप्त लाव्हारसापासून झालेला आहे. अशा रसांत प्राण्याचा सांगाडा टिकावा कसा? म्हणून साष्टी आणि मुंबई बेटांतील दगडांत पुरातन जीवांचे अवशेष शोधणें हें वेडेपणाचेंच वाटावें. परंतु लाव्हारसाच्या दोन लोटांमध्यें कांहीं काळ शांततेचाहि गेला. त्या अवधींत तळीं सांचलीं, गाळ बसला आणि त्या गाळांत पुरले गेलेले जीव सुमारें साडेसहा कोटी वर्षें तसेच राहिले. मुंबईच्या अशा थरांतील जीव जगापुढें प्रथम आणले ते ज्यांचा पोटाचा व्यवसाय निराळाच होता अशा मंडळींनीं.

वरळीच्या काळसर थरांत चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सांपडले. जॉर्ज क्लार्क हे व्यवसायानें एंजिनियर. मुंबईच्या भूरचनेवर त्यांनीं लिहिलेल्या टिपणाला पुरवणी जोडून रिचर्ड ओवेन यांनीं १८४७ सालीं त्या बेडकाचें शास्त्रीय वर्णन केलें. पुढें १९३० सालीं त्यास 'इंडोबॅट्राकस' हें नांव मिळालें. डॉ. लीथ यांना याच थरांतून गोड्या पाण्यांतील कासव मिळालें. सैन्यांतील शल्यवैद्य हेन्री कार्टर यांनीं १८५२ मध्यें त्याचें वर्णन करतांना त्यास लीथ यांचें नांव दिलें. आणि शंभर वर्षांनंतर त्या कासवाच्या प्रजातीला कार्टर यांचें नांव लाभलें. 'कार्टेरेमिस लीथी' या एका नांवांत दोन वैद्य असे कायमचे शेजारी झाले! थर फोडणाऱ्या मजुराचें नांव मात्र कोणत्याच प्राण्यास मिळालें नाहीं, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

मुंबईपेक्षां नागपूरची हकीकत अधिक हृद्य आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडहून आलेले धर्मोपदेशक व शिक्षक. सरकारी भूगर्भखात्याचें काम कलकत्त्यास सुरू झालें त्याच १८५१ सालीं हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळच्या टाकळी येथें गोड्या पाण्यांतील शिंपले दगडांत आढळले. मग शाळा व प्रवचनें सांभाळून हा उद्योग वाढत गेला. शिंपल्यांचें वर्णन त्यांनीं स्वतःच १८६० मध्यें केलें. जें आपल्या आवांक्याबाहेरचें, तें तज्ज्ञांकडे धाडलें: कीटक मरे यांच्याकडे, वनस्पति बनबरी यांच्याकडे. आपल्या ज्ञानाची मर्यादा ओळखणें हा गुण पंडितांतहि विरळाच असतो. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथें मिळालेली एका उभयचर प्राण्याची कवटी तर दख्खनच्या लाव्हारसाहून पुष्कळच पुरातन होती. ओवेन यांनीं १८५५ मध्यें तिला 'ब्रॅकिऑप्स' म्हटलें.

हिस्लॉप यांचें कुतूहल जीवाश्मांपुरतेंच नव्हतें. मध्यप्रांतांतील आदिवासींच्या भाषा व चालीरीति यांचींहि टिपणें ते करीत. टाकळघाटचीं दगडी वर्तुळें उकरलीं जात होतीं, तीं पाहावयास ते गेले. तेथील शाळेसाठीं मागें थांबल्यामुळें परततांना अंधार पडला, आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजीं पूर आलेल्या ओढ्यांत ते वाहून गेले. त्यांचीं आदिवासींविषयींचीं टिपणें तोंवर छापलीं गेलीं नव्हतीं. तीं रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ मध्यें प्रसिद्ध केलीं.