पानाच्या चौकटीची कुळकथा

नवशिक्या विद्यार्थ्यास वेबपानाचा आराखडा आखावयास सांगितले, म्हणजे माथ्यावर मथळ्याची पट्टी, तिच्याखाली विभागांची नावे, मध्ये मजकुराचा रुंद रकाना, बाजूस एक अरुंद रकाना आणि तळाशी पत्त्याची ओळ अशी चौकट तो सहज काढून दाखवितो; परंतु ही चौकट वेबपानाबरोबर जन्मास आलेली नाही, आणि तिला स्वतःचे हक्काचे साधन मिळण्यास पाव शतक लोटावे लागले.

रकान्यांचे कुळ अर्थातच जुने आहे. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास छापलेल्या बायबलाची पानेही दोन रकान्यांचीच आहेत. मात्र टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेतून १९९१ साली जी पाने जगासमोर ठेवली, त्यांत शीर्षक, परिच्छेद, याद्या आणि दुवे यांखेरीज काही नव्हते. मजकुराचा कोणता भाग काय आहे एवढेच लेखकाने सांगावे व तो कसा दिसावा हे वाचकाच्या यंत्रावर सोपवावे, हा त्यामागील विचार मला आजही अत्यंत उदार वाटतो.

पुढे १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरात कोष्टके दाखविण्याची सोय झाली. ही तजवीज आकडेवारीसाठी होती. पण कोष्टकाच्या रेघा अदृश्य केल्या की त्याच्या घरांत मथळा, चित्र, मजकूर असे काहीही बसविता येते, हे मांडणीकारांच्या ध्यानी येण्यास विलंब लागला नाही. कोष्टकाच्या पोटात कोष्टक आणि जागा अडवून धरण्यासाठी एकाच बिंदूचे पारदर्शक चित्र ताणून बसविणे, या युक्त्यांना डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या पुस्तकाने मोठी प्रसिद्धी दिली. पाने देखणी झाली यात संशय नाही. तथापि एक रकाना हलवावयाचा तर सारी इमारत उसवावी लागे, आणि अंध वाचकास पान वाचून दाखविणारे यंत्र अर्थाचा क्रम सोडून घरांच्या क्रमाने वाचीत जाई. या दुसऱ्या दोषाची गंभीर दखल फार थोड्यांनी घेतली, याचा विषाद वाटतो.

वास्तविक उपाय आधीच सुचविला गेला होता. हॉकॉन व्हियुम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये मजकूर आणि त्याचे रूप यांची फारकत करणारी सीएसएस ही शैलीभाषा मांडली आणि बर्ट बॉस यांच्या सहकार्याने सिद्ध झालेली तिची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये अधिकृत झाली. परंतु रकाने पाडण्याचे खास साधन तीतही नव्हते. म्हणून चित्राभोवती मजकूर वळविण्यासाठी दिलेली ‘फ्लोट’ नावाची सवलत वर्षानुवर्षे त्या कामी राबविली गेली. दरम्यान मोबाइल घरोघर पोहोचले, आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे पानाने आपली रचना बदलावी हे सूत्र ईथन मारकॉट यांनी २०१० साली मांडले. अखेर मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या ब्राउझरांत ‘ग्रिड’ रुजू झाले, तेव्हा कुठे उभ्या-आडव्या रेघांवर पान मांडण्यासाठीच घडविलेले साधन मांडणीकारांच्या हाती आले.

नव्याने पान मांडणाऱ्यांना माझी विनंती इतकीच, की रकाने आखण्यापूर्वी कागदावर मजकुराचे भाग महत्त्वाच्या क्रमाने लिहून काढावेत, ते मोबाइलच्या अरुंद पडद्यावर एकाखाली एक नीट वाचता येतात याची खातरी करून घ्यावी, आणि मगच रुंद पडद्यासाठी दुसऱ्या रकान्याचा विचार करावा.