उपकर कोणाचा, शाळा कोणाची?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेले निवेदन आपण साहित्याच्या वर्गात बहुधा प्रबोधनाचा दस्तऐवज म्हणून शिकवतो. त्यात मांडलेल्या पैशाच्या हिशेबाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' वसूल होऊ लागला. त्यातील तिसरा हिस्सा शिक्षणासाठी होता. हवेली आणि खेड तालुक्यांतील कुणबीही हा उपकर भरत होता. फुल्यांची तक्रार अशी की, पैसा ज्या कामासाठी गोळा होतो त्या कामी तो लागत नाही. इलाख्यातील दहापैकी सुमारे नऊ गावांत प्राथमिक शिक्षणाची सोयच नाही. आणि रयतेच्या श्रमातून आलेल्या महसुलाचा मोठा वाटा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो. तरीही सरकारने महाविद्यालयांतून अंग काढून घ्यावे, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांना प्राधान्यक्रम बदलून हवा होता. निदान बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे व्हावे, प्रशिक्षित शिक्षकास दरमहा १२ रुपयांहून कमी वेतन नसावे आणि मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा भार उचलावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

यातील 'हद्द' हा शब्द पुढे कळीचा ठरला. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. कारखान्यांच्या मालावरील जकातीने तिची तिजोरी भरली आणि तिच्या शाळांना तो आधार मिळाला. ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे आहेत. पुढे कारखाने हद्द ओलांडून चाकणपर्यंत पसरले. त्यांच्यामागून मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून कामगार कुटुंबे आली. एकाच कारखान्यात राबणाऱ्या दोघांपैकी एक भोसरीत राहतो, दुसरा खराबवाडीत. पहिल्याच्या मुलाची सार्वजनिक शाळा महापालिकेच्या तिजोरीवर चालते, दुसऱ्याच्या मुलाची जिल्हा परिषदेच्या. शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्याने दोघांनाही चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची सारखीच हमी दिली. तिजोऱ्या मात्र वेगळ्याच राहिल्या.

समान खर्च म्हणजेच न्याय, असे आम्हांस म्हणायचे नाही. ज्या मुलाच्या घरची भाषा शाळेच्या भाषेहून निराळी आहे आणि ज्याच्या वडिलांचे बिऱ्हाड कंत्राटाबरोबर हलते, त्याच्या शाळेला अधिक पैसा लागणारच. फुल्यांच्या हिशेबाचे तत्त्वही हेच होते: श्रम कोणी केले आणि गरज कोणाची मोठी, हे आधी पाहावे.

हे निवेदन शिकवणाऱ्या आम्हां प्राध्यापकांचे वेतनही त्याच सार्वजनिक पैशातून येते. म्हणूनच फुल्यांचा प्रश्न केवळ इंग्रज सरकारला विचारलेला होता, असे समजून पुढच्या पाठाकडे वळणे आम्हांस तरी परवडणारे नाही.