गाण्याची जागा

संगीताच्या बैठकीत 'जागा' या शब्दाला एक खास अर्थ आहे. गवयाने एखादी अवघड स्वरसंगती सहज घेतली की जाणकार श्रोता उद्गारतो, 'काय जागा घेतली!' ती जागा रागाच्या चौकटीत असते, पण कोणी हाती आणून देत नाही. गायकाला ती शोधावी लागते. गाण्याचे चित्रीकरण करणाऱ्यालाही असाच शोध घ्यावा लागतो. फरक इतकाच की त्याची जागा जमिनीवरची असते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या जागेचा, म्हणजे गाणे कुठे चित्रित करावे या प्रश्नाचा, थोडा इतिहास पाहायचा आहे.

निमित्त आजचेच आहे. महाविद्यालयांतील विद्यार्थी अलीकडे एखाद्या कवितेला चाल लावतात, मोबाइलवर तिचे चित्रीकरण करतात आणि चार-पाच मिनिटांची ध्वनिचित्रफीत तयार करतात. छत्रपती संभाजीनगरात (२०२३ पर्यंतचे औरंगाबाद) अशा गटाने स्थळांची यादी करायला घेतली की ती बहुधा ठरलेली असते : बीबी का मकबरा, पाणचक्की, दौलताबादचा किल्ला, वेरूळ. यादी करणारी मुले मात्र अनेकदा जालना रोडच्या दक्षिणेला, गारखेडा परिसरात, भाड्याच्या खोल्यांत राहणारी असतात. यादीत गारखेडा नसतो. 'तिथे दाखवण्यासारखे काय आहे?' हे त्यावरचे उत्तर. हे उत्तर कोठून आले, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकाने करायला हवा, कारण स्थळाची निवड हा कवितेच्या आकलनाचाच भाग आहे.

बोलपटाच्या आरंभी गाण्यासाठी स्थळ निवडण्याचा प्रश्न जवळपास उद्भवतच नव्हता. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला तेव्हा नट-नटी कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात, साथीदार चौकटीबाहेर बसून वाजवीत आणि दोन्ही ध्वनी त्याच क्षणी मुद्रित होत. वाऱ्याचा, पाखरांचा, बघ्यांचा आवाज टाळायचा तर बंदिस्त आवार हवे. त्यामुळे गाव, नदी, राजवाडा, सारे काही कलादिग्दर्शकाने उभे करायचे. १९३६ च्या 'संत तुकाराम'मधील देहू हे प्रामुख्याने असे रचलेले देहू आहे. पुण्यापासून खरे देहू काही फार लांब नव्हते. तरीही विष्णुपंत पागनीसांच्या अभंगांना जे गाव लाभले ते फत्तेलालांच्या दृष्टीतून साकारलेले होते, आणि ते खोटे वाटत नाही. तुकोबांचे दारिद्र्य, आवलीचा संसार आणि दारातली गुरे यांच्याशी त्या अभंगांचे नाते पडद्यावर इतके घट्ट आहे की ठिकाण नकाशावर कुठे आहे हा प्रश्न गौण ठरतो.

पुढे तंत्र बदलले. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायनाचा वापर झाला आणि लवकरच ती पद्धत सर्वत्र रूढ झाली. आवाज एकीकडे मुद्रित करायचा, ओठ दुसरीकडे हलवायचे. गाणे जागेच्या बंधनातून सुटले. आता ते डोंगरावर, होडीत, बागेत, कुठेही नेता येऊ लागले, आणि 'कुठे न्यायचे?' हा प्रश्न प्रथमच खऱ्या अर्थाने निर्माण झाला. मात्र या स्वातंत्र्याचे लवकरच सवयीत रूपांतर झाले. प्रेमगीत म्हटले की बाग, विरह म्हटला की समुद्रकिनारा, वैभव म्हटले की वाडा, असे संकेत तयार झाले. आपल्या विद्यार्थ्यांची यादी या संकेतांतून आलेली आहे. ती त्यांनी शहर पाहून केलेली नसते, पाहिलेली गाणी आठवून केलेली असते.

मग कवितेची जागा कवीच्याच मातीत शोधावी काय? उत्तर इतके सरळ नाही, आणि त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेता येईल. ना. धों. महानोर (१९४२-२०२३) हे अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेडचे. १९६७ साली 'रानातल्या कविता' प्रसिद्ध झाला, त्या संग्रहातले रान त्यांनी स्वतः कसलेले होते. दहा वर्षांनी, १९७७ साली, डॉ. जब्बार पटेल यांनी गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून 'जैत रे जैत' केला आणि त्याची गाणी महानोरांकडून लिहून घेतली. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. चित्रपटातले जग सह्याद्रीतल्या ठाकरांचे. अजिंठ्याच्या पायथ्याची कापसा-ज्वारीची शेती कुठे आणि ठाकरवाडीवरचा मधमाश्यांचा कडा कुठे! तरीही ती गाणी त्या डोंगराचीच वाटतात. याचे कारण भूगोलात नाही. महानोरांच्या शब्दकळेत लोकगीतांची लय आहे, आणि माणूस निसर्गाकडे पाहुणा म्हणून न पाहता त्यात राबणारा म्हणून पाहतो, ही दृष्टी आहे. ठाकरांचे डोंगराशी असलेले नातेही राबण्याचे आणि श्रद्धेचे आहे. दोन प्रदेश वेगळे, पण माणसाचे जमिनीशी असलेले नाते सारखे. म्हणून शब्दांना परकी भूमीही मानवली.

याच्या उलट काय होऊ शकते तेही आपण अलीकडे पाहिले. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ची (२०१६) गाणी अजय-अतुल यांनी अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर, मोठ्या वाद्यवृंदासह मुद्रित केली. चित्रीकरण मात्र सोलापूर जिल्ह्यात, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या करमाळा तालुक्यात. ध्वनी आणि जागा यांत हजारो मैलांचे अंतर असूनही कुठे सांधा दिसत नाही. तिथल्या केळीच्या बागा, ऊस, विहीर, पाणी ही नुसती पार्श्वभूमी नाही. बाग कोणाची, ट्रॅक्टर कोणाचा आणि पाण्यावर मासेमारी करणारे घर कोणाचे, यावर प्रेमिकांचे भवितव्य ठरते. गाण्यातल्या आनंदाच्या मागे जमिनीच्या मालकीची आणि जातीची रेषा प्रेक्षकाला सतत दिसत राहते. २०१८ साली हीच कथा 'धडक' या नावाने हिंदीत आली, तेव्हा ती उदयपूरला गेली. 'झिंगाट'ची चाल तीच राहिली. तलाव आले, हवेल्या आल्या, दृश्ये नेटकी झाली. परंतु पर्यटकाला जे शहर दिसते तेच कथेलाही दिसले. शेत गेले आणि शेताबरोबर त्या प्रेमाला असलेला धोका कुठून येतो हेही धूसर झाले. एका जागेऐवजी दुसरी घेतली म्हणून हे झाले नाही. जागेशी असलेले नाते वगळून केवळ तिचे सौंदर्य घेतले, म्हणून झाले.

हा निकष घेऊन आपल्या शहराच्या यादीकडे परत येऊ. मकबरा प्रेमगीतासाठी निवडला जातो तो ताजमहालासारखा दिसतो म्हणून. पण ती दिलरस बानू बेगमची कबर आहे. १६५७ साली बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच ती वारली. ज्या घुमटासमोर आपण मीलनाचे गीत चित्रित करू पाहतो, तो प्रसूतीनंतर गेलेल्या एका तरुण स्त्रीच्या स्मृतीचा आहे. हे जाणून कोणी तिथे अंगाई किंवा शोकगीत चित्रित केले, तर स्थळ आणि शब्द एकमेकांशी बोलू लागतील. व्यवहाराची बाजूही आहे. संरक्षित स्मारकांविषयीच्या १९५९ च्या नियमांनुसार असे चित्रीकरण करायला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो आणि ते छताखाली नव्हे, तर उघड्या भागापुरते ठेवावे लागते. विद्यार्थ्यांना हा जाच वाटतो. वास्तविक अर्ज लिहिताना 'हेच स्थळ का?' याचे उत्तर स्वतःशी द्यायची ती एक संधी असते.

पाणचक्कीचेही तसेच. तिथले हौद आणि वडाची सावली छायाचित्रात शोभून दिसते. पण डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणून, त्याच्या जोरावर जाते फिरवून, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी पीठ दळणारी ती गिरणी होती. हे अन्नाचे आणि पाण्याचे स्थळ आहे. या शहराचा इतिहास तरी दुसरा काय आहे? १६१० साली मलिक अंबरने खडकी हे लहानसे गाव राजधानीसाठी निवडले आणि नहर बांधून तिथे पाणी आणले. म्हणजे ज्या शहराची स्थळे आज आपण 'ऐतिहासिक' म्हणून निवडतो, ते शहर एका दुर्लक्षित गावाच्या निवडीतून उभे राहिले आहे.

गारखेड्याच्या नावात खेडे अजून शिल्लक आहे. त्याच्या भोवतीने वसाहती उठल्या, विभागीय क्रीडा संकुल आले, गजानन महाराज मंदिराचा चौक गजबजला. सूतगिरणी चौकाच्या नावातून कापसाच्या मुलखाची आठवण डोकावते. बीड, जालना, परभणी, हिंगोली अशा जिल्ह्यांतून शिकायला आलेली मुले या भागात खोली करून राहतात, डबा लावतात, पहाटे संकुलात भरतीसाठी धावण्याचा सराव करतात. १९७६ साली जायकवाडीचे धरण पूर्ण झाले, तरी त्याच नाथसागरावर अवलंबून असलेल्या या शहरात पुढे कित्येक दिवसांआड पाणी येण्याचे दिवस आले. गच्चीवरच्या काळ्या टाक्या, गल्लीत वळण न घेता येणारा टँकर, कळश्यांची रांग, ही त्या इतिहासाची आजची दृश्ये आहेत. मलिक अंबरच्या नहरीपासून टँकरपर्यंत एक सलग कथा आहे आणि गारखेड्यातली गच्ची त्या कथेत मकबऱ्याइतकीच हक्काने बसते.

देखणेपणा हा स्थळाचा एकमेव गुण नव्हे, याचे याच शहरातले ठळक उदाहरण म्हणजे विद्यापीठाचे प्रवेशद्वार. १९७८ साली विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या सोळा वर्षांत माणसांनी घरेदारे आणि प्राण गमावले. दरवर्षी त्या दिवशी जनसमुदाय प्रवेशद्वारापाशी जमतो, नतमस्तक होतो, भीमगीते गातो. त्या कमानीला गाण्याची जागा कोणा दिग्दर्शकाने केले नाही. लोकांनी तिथे जे सोसले, त्यामुळे ती तशी झाली.

तेव्हा विद्यार्थ्यांना 'आपल्याच गल्लीत चित्रीकरण करा' असा नियम घालून देणे योग्य होणार नाही. त्यातून आणखी एक संकेत तेवढा तयार होईल. गरिबीची, धुळीची, टँकरचीही सजावट करता येते, आणि ती बागेतल्या गाण्याहून अधिक खोटी असू शकते. शिक्षकाने करण्यासारखे काम निराळे आहे. कविता वर्गात वाचताना आपण विचारतो की तिच्यातला 'मी' कोण, तो कोणाशी बोलतो. त्याच ओघात एक प्रश्न जोडावा : हा 'मी' उभा कुठे आहे, आणि त्या जागी तो पाहुणा आहे की रहिवासी? या प्रश्नाचे उत्तर कवितेतून शोधले की यादी आपोआप बदलू लागते. कधी ती मकबऱ्यावरच थांबेल, पण मग तिथला कोपरा आणि प्रहर वेगळा असेल. कधी ती पळसखेडच्या वाटेने जाईल. आणि कधी, गाव सोडून आलेल्या मुलाची कविता असेल तर, ती गारखेड्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीत येईल, जिथे खिडकीत वाळत घातलेला टॉवेल आणि भिंतीला टेकवलेली गावाकडची वळकटी यांच्याशिवाय दाखवण्यासारखे काही नाही. त्या कवितेला तेवढे पुरेसे आहे.