उडी मारणारे आणि वाट बांधणारे: एका डोंगराच्या भांडणाची गोष्ट

गेअरची सायकल घ्यायला गेलात की दुकानदार सांगतो, "पुढे शॉकअप आहे, मागे नाही." मागे शॉकअप नसलेल्या या माउंटन बाइकला हार्डटेल म्हणतात. आपल्याकडे पोरं ती घेऊन कॉलेजला जातात, हौशी मंडळी रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात. पण याच जातीच्या सायकलीवर तीसेक वर्षांपूर्वी कॅनडात काही माणसं जंगलातल्या खडकांवरून, ओंडक्यांवरून खाली उड्या मारायला लागली. त्यातून 'फ्रीराइड' नावाचा खेळ झाला. आणि एक सार्वजनिक भांडणही उभं राहिलं: डोंगरातली वाट कोणाची, आणि तिच्यावर कोणी पडलं तर जबाबदार कोण?

आजची पोस्ट खेळापेक्षा त्या भांडणाबद्दल आहे. जरा लांब आहे, निवांत वाचा.

आधी थोडं मागे जाऊ. माउंटन बाइकचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत झाला असं मानतात. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथल्या काही तरुणांनी डोंगरावरच्या एका कच्च्या रस्त्यावरून खाली उतरायची शर्यत लावली. सायकली जुन्या, जाड टायरच्या, भंगारातून जमवलेल्या. पेडल उलटं दाबलं की मागचा ब्रेक लागायचा. उतार इतका तीव्र की ब्रेकच्या हबमधलं ग्रीस तापून जळायचं आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नाव पडलं 'रीपॅक'. या मंडळींतल्या जो ब्रीझने पुढच्याच वर्षी डोंगरासाठी खास फ्रेम बनवली. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकली विकायला सुरुवात केली. जगभरच्या माउंटन बाइकचं मूळ इथे आहे.

पण गंमत बघा. जिथे हा खेळ जन्मला, तिथल्याच माउंट टॅमलपायसवर पुढच्या काही वर्षांत अरुंद पाऊलवाटा सायकलींना बंद झाल्या. चालणारे आणि घोडेस्वार यांच्या तक्रारी होत्या. सायकली वेगात येतात, माणसं दचकतात, वाटा उखडतात. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. रुंद रस्त्यांवर सायकल चालवायला मुभा राहिली, पण ताशी १५ मैलांच्या, म्हणजे साधारण २४ किलोमीटरच्या मर्यादेत. अशा बंदीला तोंड द्यायला कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी १९८८ मध्ये मिळून संघटना काढली, तिचीच पुढे 'इम्बा' ही आंतरराष्ट्रीय संस्था झाली. पण जन्मगावी व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता उत्तरेला, कॅनडाच्या व्हँकुव्हर शहरात या. शहर आणि खाडीच्या पलीकडे तीन डोंगर एका ओळीत उभे आहेत: सायप्रेस, फ्रॉम आणि सीमोर. या भागाला नॉर्थ शोअर म्हणतात. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या माणसाला इथलं हवामान चटकन समजेल. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर, फक्त तो आपल्यासारखा चार महिन्यांत न कोसळता मुख्यतः हिवाळाभर रिपरिपत राहतो. जंगल दाट, जमीन कायम ओली, मुळं उघडी, जागोजाग ओहोळ.

या डोंगरांवर शंभर वर्षांपूर्वी मोठी वृक्षतोड झाली होती. जुन्या सीडार वृक्षांचे बुंधे आणि पडलेले ओंडके तसेच राहिले होते. सीडारचं लाकूड सहजासहजी कुजत नाही आणि रेषेत सरळ फाटतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सायकलवाले या जंगलात शिरले तेव्हा पहिली अडचण चिखलाची होती. चाक रुतायचं आणि मुळंही दुखावायची. मग काहींनी पडलेल्या ओंडक्यांच्या फळ्या फाडून चिखलावर साकव टाकले. दोन लांब वासे, त्यावर आडव्या फळ्या, शिडी आडवी टाकल्यासारखं. आपल्याकडे ओढ्यावर असतो तसाच साकव, फक्त सायकलपुरता.

म्हणजे ज्या लाकडी करामतींनी नॉर्थ शोअर जगप्रसिद्ध झालं, त्यांची सुरुवात शौर्यातून झाली नव्हती, चिखलातून झाली होती.

पण माणूस माणूसच. साकव झाला, तो थोडा उंच केला. मग थोडा अरुंद केला. मग वळण दिलं. मग बागेत असतो तसा सी-सॉ बसवला. आणि मग एका टोकाला साकव हवेतच संपवला. तिथून खाली उडी. यालाच ड्रॉप म्हणतात. टॉड फियांडर, ज्याला सगळे 'डिगर' म्हणजे खोदणारा म्हणतात, आणि 'डेंजरस डॅन' या नावाने ओळखला जाणारा डॅन कावन, ही या बांधणाऱ्यांतली गाजलेली नावं. हातात करवत, कुऱ्हाड, फावडं आणि खिळ्यांचा डबा. परवानगी कोणाचीच नाही. पगार तर नाहीच नाही.

आता हार्डटेलवर ड्रॉप मारणं म्हणजे काय, ते जरा समजून घेऊ, कारण जबाबदारीचा प्रश्न तिथूनच येतो.

एक मीटर उंचीवरून खाली येताना जमिनीकडे जाणारा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर होतो. दोन मीटरवरून सुमारे २२. सपाट जमिनीवर आपटलात तर तो सगळा वेग एका क्षणात शून्य होतो आणि धक्का घोटे, गुडघे, मनगटं आणि फ्रेम यांना खावा लागतो. पण खाली उतार असेल आणि चाकं त्या उताराच्या दिशेनेच टेकली, तर बराचसा वेग पुढे निघून जातो. त्यामुळे ड्रॉप किती उंच यापेक्षा खाली उतार कसा आहे याला जास्त महत्त्व. म्हणजे पडणाऱ्याचं हाड मोडणार की नाही, हे निम्मं बांधणाऱ्याच्या हातात असतं.

हार्डटेलमध्ये मागे शॉकअप नाही, म्हणून पायच शॉकअप. सीट खाली घ्यायची, पेडल समांतर ठेवून उभं राहायचं, गुडघे-कोपर सैल, आणि टेकताना उठाबशा काढल्यासारखं खाली दबायचं. चुकलं तर मागच्या चाकाची ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटली जाते आणि साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. त्याहून चुकलं तर रिम वाकते. त्याहून चुकलं तर माणूस.

नव्वदीच्या दशकात या प्रकाराला 'फ्रीराइड' नाव मिळालं. शर्यत नाही, घड्याळ नाही, नंबर नाही, वाटेल तसं मोकळं चालवायचं. पण मोकळेपणावरही मालकी सांगणारे निघालेच. कॅननडेल या अमेरिकन कंपनीने या शब्दावर ट्रेडमार्कचा हक्क सांगितला. तेव्हा व्हँकुव्हरच्या रॉकी माउंटन कंपनीने तिची खिल्ली उडवत आपल्या चालकांना 'फ्रोरायडर' म्हणायला सुरुवात केली. डोक्यावर मोठाल्या कुरळ्या केसांचे टोप घातलेल्या त्यांच्या जाहिराती गाजल्या. वेड सिमन्स, ब्रेट टिपी आणि रिची श्ले ही त्यातली तीन नावं. पुढे २००१ मध्ये युटाच्या वाळवंटी कड्यांवर 'रेड बुल रॅम्पेज' ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिला विजेता वेड सिमन्सच होता. तोपर्यंत सायकलींना मागेही लांब शॉकअप आले होते आणि हार्डटेल मागे पडली होती.

व्हिडिओ कॅसेट जगभर फिरल्या. लोक विमानाने नॉर्थ शोअरला यायला लागले. आणि मग डोंगराच्या मालकांना जाग आली.

मालक एक नव्हता. फ्रॉमचा मोठा भाग नॉर्थ व्हँकुव्हर डिस्ट्रिक्टच्या पालिकेचा. सीमोरवर काही जमीन पालिकेची, वर प्रांतिक उद्यान. सायप्रेसच्या उतारावर खाजगी बिल्डर कंपनीची जमीन. आणि या सगळ्यांच्या आधीपासून हा प्रदेश स्क्वामिश, त्स्लेल-वॉटुथ आणि मस्क्वीम या मूळनिवासी समाजांचा. वाटा बांधताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं, हे इथे सांगायलाच हवं. 'परवानगी न घेता बांधलं' हे वाक्य तिथे सायकलवाल्यांपुरतं थांबत नाही.

तक्रारी ओळखीच्या होत्या. पाण्याने माती वाहून जाते. मुळं उघडी पडतात. गल्लीत गाड्या लावायला जागा उरत नाही. चालणाऱ्यांना भीती वाटते. आणि सगळ्यात मोठी तक्रार: उद्या कोणी पालिकेच्या जमिनीवरच्या कुजक्या साकवावरून पडला आणि कोर्टात गेला, तर भरपाई कोण देणार?

इथे मरीनसारखं सरळ 'बंद' होऊ शकलं असतं. तसं झालं नाही. का, याची कारणं अनेक आहेत. मला त्यातली दोन महत्त्वाची वाटतात.

पहिलं कारण कायद्याचं. १९९८ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताने जमीनधारकाच्या जबाबदारीचा कायदा दुरुस्त केला. कोणी पैसे न देता, मौजेसाठी ग्रामीण किंवा जंगलाच्या जमिनीवर किंवा खुणा केलेल्या वाटेवर गेला, तर तिथला धोका त्याने स्वतःहून पत्करला असं धरलं जाईल. मात्र मालकाने मुद्दाम इजा होईल असं काही करायचं नाही, आणि कोणी जखमी होईल याची पर्वाच न करता वागायचं नाही. मालकाच्या डोक्यावरचं ओझं कमी झालं, पण ते पूर्ण उतरवलं नाही. हा तोल मला महत्त्वाचा वाटतो.

दुसरं कारण फावड्याचं. १९९७ मध्ये नॉर्थ शोअर माउंटन बाइक असोसिएशन उभी राहिली. वाटा बंद होऊ नयेत म्हणून पालिकेशी बोलायचं, हे काम. पण नुसतं निवेदन देऊन ते थांबले नाहीत. वाटा दुरुस्त करायला माणसं जमवली. पाणी वाटेवरून बाजूला काढणं, दगड बसवणं, कुजलेली लाकडं उतरवणं. पुढे वाट दत्तक घ्यायची योजना आली. दुकानं, कंपन्या, क्लब एकेक वाट दत्तक घेतात, पैसेही देतात आणि कामाला माणसंही. जंगलाच्या वरच्या काळ्या मातीखाली खडी-वाळूची जी घट्ट माती लागते, तिला तिथले बांधणारे 'सोनं' म्हणतात, कारण ती पावसात टिकते. ज्या डिगरने आयुष्यभर लाकडाच्या करामती बांधल्या, तोही या सोन्याच्या शोधात खड्डे खोदायला लागला.

याची किंमतही मोजावी लागली, ती लपवण्यात अर्थ नाही. उंच, अरुंद साकव आणि मोठे ड्रॉप बरेचसे गेले. काही कुजले, काही काढले गेले. जुने लोक कुरकुरतात की वाटा गुळगुळीत केल्या, धाक गेला. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ज्यांनी फुकट राबून जागा जगाच्या नकाशावर आणली, त्यांचंच काम नियमात बसत नाही म्हणून उतरवलं गेलं, तर वाईट वाटणारच. ज्यांना मोठी उडीच हवी त्यांच्यासाठी व्हिस्लरला १९९९ पासून बाइक पार्क आहे: तिकीट काढा, जबाबदारीच्या कागदावर सही करा, लिफ्टने वर जा. पण तिथे खिशात पैसे लागतात. डोंगर फुकट होता.

आणि भांडण पूर्ण मिटलं असंही नाही. फ्रॉमवर कोणीतरी वारंवार वाटेवर ओंडके आडवे टाकत होतं. वेगात येणाऱ्याला ते दिसले नाहीत तर जिवावर बेतणार. सायकलवाल्यांनी झाडांवर छुपे कॅमेरे लावले आणि जानेवारी २०१५ मध्ये पोलिसांनी एका व्यक्तीला अटक केली. पुढे कोर्टात गुन्हा कबूल झाला. एवढ्या वर्षांच्या बैठकांनंतरही कोणाच्या तरी मनात 'हा डोंगर माझा, तुमचा नाही' ही भावना इतकी टोकाची उरली होती.

हार्डटेलचं काय झालं? ती परत आली. २००३ मध्ये व्हिस्लरला क्रोमॅग नावाची छोटी कंपनी सुरू झाली, ती मुख्यतः अशा डोंगरासाठीच्या स्टीलच्या हार्डटेलसाठी ओळखली जाते. मागे शॉकअप नसलं की दगडामुळांची प्रत्येक ठेच पायाला कळते, आणि वाट कुठे उखडली आहे हेही कळतं.

हे सगळं आज का लिहिलं? पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी चालणारे, पळणारे, कुत्री फिरवणारे आणि सायकलवाले एकाच वाटेवर असतात. कधी कोणी दचकतं, कधी शब्दाला शब्द लागतो. आपले कायदे वेगळे आहेत. वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय फावडं मारणं चुकीचंच, तसा सल्ला मी देत नाही. आपला पाऊस तर चार महिन्यांत एक वाट ओढा करून टाकतो.

पण टेकडी रस्त्यापासून वाचवायला आपण एकत्र येतो, तसं टेकडीवरच्या वाटा वाचवायलाही येऊ शकतो. परवानगी मागून, वर्षातून चार रविवार, पावसाळ्याआधी पाण्याला बाजू करून द्यायला. चालणाऱ्यांनी यावं, पळणाऱ्यांनी यावं, आणि सायकलवाल्या पोरांनी सगळ्यात आधी यावं. नॉर्थ शोअरच्या उड्या जगाने पाहिल्या, पण तिथल्या वाटा उघड्या राहिल्या त्या पावसात उभं राहून माती ओढणाऱ्यांमुळे.

तुमच्या भागातल्या टेकडीवर असं काही काम चालत असेल तर जरूर सांगा. मी येईन.