घरच्या सर्व्हरमध्ये 'रेड' : हार्डडिस्कची जोडणी आणि जपणूक

लग्नाचा अल्बम कपाटात आणि घराची कागदपत्रे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवण्याची रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरातील ऐवजाचे स्वरूपच पालटले. मुलांच्या पहिल्या पावलांचे चित्रीकरण, आजी-आजोबांचे ध्वनिमुद्रित आवाज, सहलींची हजारो छायाचित्रे, आयकराचे कागद हे सारे हार्डडिस्कवर जाऊन बसले. आणि ही हार्डडिस्क बहुतेक घरांत एकुलती एक असते. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या आणि त्यांच्यावरून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावरून फिरणारे वाचक-शीर्ष, अशी ही यंत्रणा आहे. ती वर्षानुवर्षे चालते हेच खरे तर नवल!

यावर उपाय म्हणून घरातच एक छोटा सर्व्हर उभारण्याकडे हौशी मंडळींचा कल असतो. जुना डेस्कटॉप संगणक, त्यात दोन-चार हार्डडिस्क आणि घरातील सर्व मोबाइल व लॅपटॉप यांना वाय-फायवरून मिळणारी सामाईक साठवण, असे त्याचे स्वरूप असते. सिनॉलॉजी, क्यूनॅप यांसारख्या कंपन्यांच्या तयार पेट्याही मिळतात. दोन्हीकडे 'रेड' हा शब्द भेटतोच, आणि गैरसमजालाही तेथूनच प्रारंभ होतो. 'रेड केले आहे, आता माहिती जाण्याची भीती नाही' असे पुष्कळ जण मानतात. हे विधान अर्धेच खरे आहे, आणि उरलेला अर्धा भाग अनेकांना फार महागात पडतो.

कल्पना बर्कलेची

'रेड' ही 'रिडंडंट ॲरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स' या नावाची आद्याक्षरे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८७ मध्ये अहवालरूपाने मांडलेला आणि १९८८ मध्ये परिषदेत सादर केलेला निबंध हे त्याचे मूळ. त्या काळी मोठ्या संगणकांना आयबीएमच्या ३३८० सारख्या अवाढव्य आणि महागड्या डिस्क लागत. त्याऐवजी वैयक्तिक संगणकासाठी बनलेल्या १०० मेगाबाइटच्या स्वस्त डिस्क पुष्कळ संख्येने एकत्र जोडल्या तर काय होईल, असा प्रश्न या तिघांनी विचारला. वेग वाढेल हे उघड होते. मात्र एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३० हजार तास धरले, तर १०० डिस्कच्या संचात दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एखादी डिस्क बंद पडणार हेही त्यांनी दाखवून दिले. म्हणून काही जादा डिस्क जोडून त्यांवर पडझड भरून काढणारी माहिती ठेवावी, हा त्यांचा तोडगा. पुढे 'इनएक्स्पेन्सिव्ह' म्हणजे स्वस्त या शब्दाची जागा 'इंडिपेंडंट'ने घेतली. कारण 'रेड'च्या नावाखाली विकली जाणारी यंत्रे काही स्वस्त राहिली नव्हती!

यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या कल्पनेचा हेतू डिस्क बंद पडली तरी काम अखंड चालू राहावे हा होता. माहितीची दुसरी प्रत जपून ठेवणे हे तिचे काम कधीच नव्हते.

कोणता प्रकार निवडावा?

'रेड'चे प्रकार अंकांनी ओळखले जातात. 'रेड ०' मध्ये माहितीचे तुकडे सर्व डिस्कवर वाटले जातात. वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की सगळेच जाते. नावातील शून्य हे सुरक्षिततेचे मापही समजावे. घरच्या ऐवजासाठी हा प्रकार बादच. 'रेड १' मध्ये दोन डिस्कवर तीच माहिती एकाच वेळी लिहिली जाते, जणू आरशातील प्रतिबिंब. दोन्ही डिस्क चार टेराबाइटच्या असतील तर जागा चारच टेराबाइट मिळते.

'रेड ५' साठी किमान तीन डिस्क लागतात आणि त्यामागील युक्ती मोठी मजेदार आहे. समजा पहिल्या डिस्कवर ५ हा आकडा आहे, दुसरीवर ३ आणि तिसरीवर त्यांची बेरीज ८. यांपैकी कोणतीही एक डिस्क गेली, तरी उरलेल्या दोन आकड्यांवरून तिसरा काढता येतो. प्रत्यक्षात संगणक बेरजेऐवजी 'एक्सॉर' ही द्विमान क्रिया वापरतो आणि हा 'पॅरिटी' म्हणजे ताळ्याचा आकडा आळीपाळीने सर्व डिस्कवर ठेवतो. चार टेराबाइटच्या चार डिस्क असतील तर १२ टेराबाइट जागा वापरता येते. 'रेड ६' मध्ये ताळ्याचे दोन आकडे असल्याने दोन डिस्क गेल्या तरी चालते. तेवढ्याच डिस्कमध्ये जागा मात्र आठ टेराबाइट उरते. आरसा आणि वाटणी यांचा मेळ घालणाऱ्या 'रेड १०' मध्येही आठच. (खोक्यावरील चार टेराबाइट विंडोजमध्ये सुमारे ३.६४ दिसतात, यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.)

कागदावर 'रेड ५' सर्वांत किफायतशीर वाटते. तरीही आजच्या आकारांच्या डिस्कसाठी ते घ्यावे, असे म्हणवत नाही. आठ टेराबाइटची एक डिस्क बदलली, तर सेकंदाला १५० मेगाबाइट हा वेग अखंड मिळाला असे धरले तरी ती नव्याने भरण्यास सुमारे १५ तास लागतात. सर्व्हर वापरात असेल तर त्याहून जास्त. या काळात उरलेल्या सर्व डिस्क शेवटच्या कणापर्यंत वाचल्या जातात आणि संचाकडे दुसरा आधार नसतो. बहुधा साऱ्या डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या, म्हणजे समवयस्क. एक थकली तेव्हा दुसरीही थकण्याच्या बेतात असू शकते. तेव्हा चारच्या वर मोठ्या डिस्क असतील तर 'रेड ६' आणि सर्वसाधारण कुटुंबासाठी दोन डिस्कचा साधा आरसा, ही निवड बरी. आरशाचा आणखी एक लाभ म्हणजे त्यातील कोणतीही एक डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तरी सगळी माहिती वाचता येते.

डिस्क घेताना

मुंबईतील लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातील तपकीर गल्ली, दुकानात शिरण्यापूर्वी दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. पहिली म्हणजे 'एसएमआर'. या पद्धतीत तबकडीवरील चुंबकीय पट्टे घराच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे थोडे चढवलेले असतात. जागा वाढते, पण एक कौल बदलायचे तर शेजारची कौलेही उचलावी लागतात, तसेच येथे होते. नेहमीच्या साठवणीला त्याने फारसे बिघडत नाही, मात्र 'रेड'मध्ये नवी डिस्क भरताना वेग पार मंदावतो. वेस्टर्न डिजिटल कंपनीने घरगुती सर्व्हरसाठी विकल्या जाणाऱ्या आपल्या दोन ते सहा टेराबाइटच्या काही डिस्क याच पद्धतीच्या असल्याचे एप्रिल २०२० मध्ये मान्य केले, तेव्हा ग्राहकांत मोठीच खळबळ उडाली होती. योगायोग असा की त्या मालिकेचे नावही 'रेड'च, पण ते तांबड्या रंगावरून! तेव्हापासून कंपन्या प्रत्येक मॉडेलची पद्धत जाहीर करतात. 'सीएमआर' असे लिहिलेलीच डिस्क घ्यावी.

दुसरी गोष्ट चुकीतून सावरण्याच्या वेळेची. एखादा भाग वाचता आला नाही की साधी डेस्कटॉप डिस्क मिनिट-दोन मिनिटेसुद्धा झटत राहू शकते. तोवर 'रेड' चालवणारी प्रणाली तिला मृत समजून संचाबाहेर काढते. 'नॅस'साठी बनवलेली डिस्क साधारण सात सेकंदांत हार मानते आणि ती माहिती जोडीदाराकडून मिळवली जाते. दोन डिस्क शक्य तर वेगवेगळ्या दुकानांतून घ्याव्यात, म्हणजे एकाच घाण्यातील निघण्याचा धोका कमी होतो.

जोडणीचे टप्पे

खोके फोडताच माहिती भरण्याची घाई करू नये. प्रथम प्रत्येक डिस्कची 'स्मार्ट' ही अंगभूत दीर्घ चाचणी घ्यावी. मोठ्या डिस्कला त्यासाठी बारा-पंधरा तास लागतात, ते लागू द्यावेत. अहवालातील बदललेल्या आणि प्रतीक्षेतील सेक्टरांचे आकडे शून्य असले पाहिजेत. नसतील तर ती डिस्क तेव्हाच परत करावी. त्यानंतर प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक जाड अक्षरांत चिठ्ठीवर लिहून, पेटी न उघडता दिसेल अशा बाजूस चिकटवावा. या चिठ्ठीचे मोल पुढे कळते.

दोन डिस्क एकमेकींना खेटून बसवू नयेत आणि समोरून पंख्याचा झोत मिळावा. तापमान ४५ अंशांच्या आत राहिलेले बरे. आपल्याकडे जागेअभावी असली यंत्रे माळ्यावर किंवा बंद बाल्कनीत जातात. एप्रिल-मेचा उकाडा आणि पावसाळ्यातील दमटपणा पाहता ती जागा टाळावी. प्रणालीसाठी छोटी स्वतंत्र एसएसडी ठेवावी, म्हणजे ती बिघडली तरी साठवणीच्या डिस्कना हात लावावा लागत नाही. दोन टेराबाइटहून मोठ्या डिस्कवर 'जीपीटी' हीच विभाजन पद्धत वापरावी. जुनी 'एमबीआर' तेथवरच पोहोचते.

मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये 'रेड' असा पर्याय दिसतो, त्याच्या मोहात पडू नये. तो बोर्ड जळाला तर तसाच बोर्ड शोधत फिरण्याची वेळ येऊ शकते. लिनक्समधील 'एमडीएडीएम' हा प्रोग्राम संचाची ओळख डिस्कवरच लिहून ठेवतो, त्यामुळे डिस्क कोणत्याही लिनक्स संगणकात नेल्या तरी संच उभा राहतो. आज्ञा टंकण्याची सवय नसणाऱ्यांसाठी ओपनमीडियाव्हॉल्ट आणि ट्रूनॅस या मोफत प्रणाली आहेत. ट्रूनॅस 'झेडएफएस' वापरते. प्रत्येक तुकड्याची पडताळणी-संख्या स्वतंत्र ठेवण्याची सोय त्यात असल्याने दोन प्रतींपैकी कोणती बिघडली हे कळते. साध्या आरशाला ते कळत नाही.

विजेचा विचार आपल्याकडे अधिक करावा लागतो. लिहिणे चालू असतानाच वीज गेली तर दोन डिस्कवर वेगवेगळी माहिती उरू शकते. घरातील इन्व्हर्टर वीज देतो, पण बॅटरी संपत आल्याचे संगणकाला सांगत नाही. यूएसबीने जोडलेला छोटा यूपीएस ते सांगतो आणि सर्व्हर स्वतःहून व्यवस्थित बंद होतो. बिघाडाची सूचना ई-मेलने येईल अशी व्यवस्थाही पहिल्याच दिवशी करावी. एक डिस्क महिनोन् महिने बंद आहे आणि घरात कोणाला पत्ताच नाही, असे प्रकार सर्रास होतात. कारण 'रेड' आपले काम चोख करीत राहते!

आरसा पुसलेलेही दाखवतो

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी दोन डिस्कचा असा आरसा आहे. त्यावर आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या. एका रविवारी जागा मोकळी करताना तो फोल्डरच पुसला गेला. दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या आणि दोघींनीही ती आज्ञा एकाच क्षणी, निमूटपणे पाळली. कॅसेट तोवर बुरशीने गेलेली. सुदैवाने नाशिकच्या आतेभावाने कधीतरी आपल्यासाठी ती गाणी पेन ड्राइव्हवर नेली होती, म्हणून आजीचा आवाज राहिला. हे नियोजन नव्हे, नशीब होते.

चुकून पुसणे हा एकच धोका नाही. एप्रिल २०२१ मध्ये 'क्यूलॉकर' या खंडणीखोर प्रोग्रामने इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅप पेट्यांतील फायली कुलूपबंद केल्या आणि ०.०१ बिटकॉइनची मागणी केली. पेटीत 'रेड' होते की नव्हते, याने काही फरक पडला नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत तळमजल्यावरच्या घरांतून पाणी शिरले. अशा वेळी एकाच पेटीतील दोन डिस्क एकाच पाण्यात जातात. चोरी आणि आग यांचेही तसेच.

म्हणून बजेटमध्ये दोनच डिस्क बसत असतील, तर 'रेड' न करता एक सर्व्हरमध्ये ठेवावी आणि दुसरीवर ठरावीक दिवशी प्रत काढून ती सुटी करून ठेवावी, हे या प्रतिनिधीचे स्पष्ट मत आहे. आरशाचा विचार तिसरी डिस्क घेता येईल तेव्हा. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ हा नियमही हेच सांगतो : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. गणपतीला गावी जाताना एक डिस्क तेथे ठेवायची आणि दिवाळीला ती बदलून आणायची, इतके साधे वेळापत्रकही पुरते. प्रत काढल्यावर तिच्यातील चार-दोन फायली उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेली प्रत जमेस धरू नये.

डिस्क गेल्यावर

एक दिवस सूचनेचा ई-मेल येतो. तेव्हा सर्वप्रथम सुटी प्रत अद्ययावत करावी, मग पेटीला हात लावावा. सूचनेतील अनुक्रमांक आणि चिकटवलेली चिठ्ठी ताडून पाहावी. घाईत चांगलीच डिस्क बाहेर काढल्याने संच कोसळल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. पुष्कळदा दोष डिस्कचा नसून साटा केबलचा असतो, तेव्हा ती आधी बदलून बघावी. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. काही मेगाबाइट जरी कमी भरली तरी संच ती स्वीकारत नाही. भरणे चालू असताना सर्व्हरवर दुसरे काम लादू नये.

उरतो प्रश्न बिघडलेल्या डिस्कचा. हमी शिल्लक असेल तर कंपनी ती बदलून देते, पण जुनी परत घेते. आरशातील प्रत्येक डिस्कवर घरातील सगळीच माहिती असते आणि मृत ठरवलेली डिस्क दुसऱ्या संगणकात बहुतांशी वाचता येते. तेव्हा संच उभारतानाच लिनक्समधील 'लक्स' ही सांकेतिकीकरणाची सोय सुरू करावी आणि तिचा परवलीचा शब्द कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांसोबत लॉकरमध्ये ठेवावा. ते केलेले नसेल, तर हमीवर पाणी सोडून डिस्कला ड्रिलने दोन-तीन भोके पाडावीत आणि ती अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावी.