आकड्यांमागची माणसे: ड्युबॉइस आणि आरोग्यातील वर्णभेद

१/ १८९६ साली फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीतील संख्याशास्त्रज्ञाचा ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीयांच्या अधिक मृत्युदराचे कारण त्यांच्या वंशातच आहे, असा त्याचा दावा होता. आकड्यांच्या राशीमुळे जुना पूर्वग्रह शास्त्राच्या वेषात वावरू लागला.

२/ त्याच वर्षी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात राहावयास गेले. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले नाही, केवळ या पाहणीचे काम सोपवले. घरोघर फिरून त्यांनी ९ हजारांहून अधिक रहिवाशांची माहिती जमवली.

३/ १८९९ मध्ये ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हा ग्रंथ आला. रोगराईचा माग काढताना ड्युबॉइस रक्तापाशी थांबले नाहीत. दाटीची वस्ती, कोंदट घरे आणि दारिद्र्य यांपर्यंत पोहोचले.

४/ त्याच वर्षीच्या मे महिन्यात, अटलांटा येथे, त्यांचा दीड वर्षाचा मुलगा बर्गहार्ट घटसर्पाने दगावला. या रोगावरील प्रतिविषाचा शोध तोवर लागलेला होता. परंतु त्या शहरात गोरे डॉक्टर कृष्णवर्णीयांवर सहसा उपचार करीत नसत आणि कृष्णवर्णीय डॉक्टर मोजकेच होते. जॉर्जियाच्या मातीत मुलाला पुरणे पित्याला मान्य नव्हते. दफन मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन या आपल्या जन्मगावी केले.

५/ एक भेद येथे ध्यानात घ्यावा. आरोग्याचे संशोधन पुत्रशोकातून जन्मले नाही. ते आधीच सुरू झाले होते. मात्र महिनाभरापूर्वीच जॉर्जियात सॅम होज याची जमावाने निर्घृण हत्या केली होती. माणसे अशी मारली जात असता संशोधकाने तटस्थ राहणे शक्य नाही, असे ड्युबॉइस यांनी पुढे लिहिले.

६/ १९०६ मध्ये अटलांटा विद्यापीठातून त्यांनी कृष्णवर्णीयांच्या आरोग्यावरील अहवाल संपादित केला. क्षय हा वांशिक नव्हे, सामाजिक रोग आहे. परिस्थिती सुधारली तर मृत्युदरही उतरेल, असे त्यात मांडले होते. स्थानिक आरोग्य संघ स्थापण्याची शिफारसही होती.

७/ दोष वंशाचा मानला की समाज आणि शासन जबाबदारीतून मोकळे होतात. दोष परिस्थितीचा ठरला की ती बदलण्याचे कर्तव्य येते. हॉफमन आणि ड्युबॉइस यांच्यातील वाद मुळात या कर्तव्याचा होता.