फंक्शनच्या पोटात फंक्शन

१९६० च्या फेब्रुवारीत कोपनहेगनमध्ये पीटर नाऊर यांना आम्स्टरडॅमहून एक फोन आला. नाऊर तेव्हा ‘अल्गोल ६०’ या नव्या प्रोग्रामिंग भाषेच्या अहवालावर शेवटचा हात फिरवत होते. जानेवारीत पॅरिसला युरोप-अमेरिकेतले तेरा जण सहा दिवस भांडून, मतं टाकून उठले होते आणि ठरलेलं सगळं नीट लिहून काढायची जबाबदारी नाऊर यांच्यावर पडली होती. फोनवर आद्रियान फान वाइनगार्डन होते. त्यांचं आणि एडस्खर डाइक्स्ट्रा या त्यांच्या तरुण सहकाऱ्याचं म्हणणं असं, की मसुद्यात एक वाक्य वाढवा: प्रोसिजरच्या (आजच्या बोलीत फंक्शनच्या) मजकुरात तिचंच नाव पुन्हा आलं, तर ती प्रोसिजर नव्यानं सुरू झाली असं समजावं.

वाक्य लहान, पण त्यामागचा प्रकार धाडसी होता. स्वतःलाच बोलावू शकणाऱ्या प्रोसिजरसाठी वेगळी खूण ठेवावी, ही सूचना पॅरिसच्या बैठकीत मतदानात पडली होती. आता खूणबिण काही नाही, थेट मुभाच. नाऊर यांना त्यातला साधेपणा आवडला आणि बाकीच्यांना न विचारता त्यांनी ते वाक्य घालून टाकलं. म्युनिकच्या फ्रिड्रिख बाउअर यांनी पुढे या प्रकाराला आम्स्टरडॅमचा कट म्हटलं. बाउअर चिडले त्यात नवल नाही. संपादकानं फोनवरून धोरण बदलावं, हे कुठल्याही समितीला मानवणारं नाही. निर्णय मात्र चांगला होता.

या वाक्याचं वजन कळायला अल्गोलची दुसरी देणगी आधी पाहावी लागते. तिथे प्रोग्रामचा कुठलाही तुकडा ‘बिगिन’ आणि ‘एंड’ यांच्यामध्ये बंद करून त्याचा ब्लॉक करता येई. ब्लॉकमध्ये स्वतःची नावं ठेवता येत. ब्लॉकच्या आत ब्लॉक, प्रोसिजरच्या आत प्रोसिजर, कितीही खोल. आतल्याला बाहेरची नावं दिसत, बाहेरच्याला आतली दिसत नसत. बिल करणारी एक प्रोसिजर आहे, तिच्यात ‘एकूण’ नावाचा आकडा आहे आणि तिच्याच पोटात कर काढणारी छोटी प्रोसिजर आहे, असं समजा. ही छोटी प्रोसिजर ‘एकूण’ सरळ वापरू शकते. तो आकडा तिच्या हातात वेगळा द्यावा लागत नाही. आणि बिलाच्या बाहेर कोणाला तिचा पत्ताही नसतो.

आज हे इतकं स्वाभाविक वाटतं, की याआधी काय होतं ते आठवावं लागतं. केंब्रिजच्या एड्सॅक यंत्रावर १९४९ नंतर डेव्हिड व्हीलर यांनी सबरूटीनची पद्धत बसवली. परत कुठे जायचं तो पत्ता सबरूटीन स्वतःच्याच शेवटच्या सूचनेत लिहून ठेवी. एका सबरूटीननं दुसरीला बोलावलं तर काही बिघडत नसे. पण तिनं स्वतःलाच बोलावलं, की नवा पत्ता जुन्यावर लिहिला जाई आणि परतीची वाट कायमची पुसली जाई. त्याआधीच, १९४५ च्या अखेरीस एस या यंत्राचा आराखडा लिहिताना ॲलन ट्युरिंग यांनी परतीचे पत्ते एकावर एक रचून ठेवायची सोय मांडली होती. पत्ता ठेवायच्या कृतीला त्यांनी पुरणं म्हटलं आणि काढायच्या कृतीला उकरणं. ट्युरिंग यांना हवं होतं तसं पूर्ण एस यंत्र काही उभं राहिलं नाही.

आयबीएम ७०४ साठी १९५७ मध्ये फोर्ट्रान आली, पुढच्या वर्षी तिच्यात सबरूटीनही आल्या. पण प्रत्येक नावाला मेमरीत एकच ठरलेली जागा मिळायची, आणि ती प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच मुक्रर झालेली. ज्याची जागा एकच, त्याच्या दोन आवृत्त्या एका वेळी जगू शकत नाहीत. फोर्ट्रानच्या प्रमाणात स्वतःला बोलावणारी आणि पोटात दुसरी घेणारी प्रोसिजर आली ती थेट फोर्ट्रान ९० मध्ये, आणि पोटात घ्यायचं तेही एकच पातळी.

अल्गोलनं दोन्ही मुभा एकत्र दिल्या: आत कितीही खोल जा आणि स्वतःला कितीदाही बोलवा. तिढा इथे सुरू होतो. बिलाची प्रोसिजर स्वतःला तीनदा बोलावून बसली, तर मेमरीत तीन ‘एकूण’ एकाच वेळी उभे असतात. आतल्या कराच्या प्रोसिजरनं त्यातला कुठला घ्यायचा? जिनं तिला बोलावलं तिचा, की जिच्या पोटात ती जन्मली तिचा? अल्गोलच्या नियमानं दुसरीचा. बोलावणारी आणि पोटात घेणारी दर वेळी एकच असते असं नाही. म्हणून यंत्राला दोन माळा सांभाळाव्या लागतात: एक परतीच्या वाटेची, दुसरी घराण्याची.

डाइक्स्ट्रा यांनी हे कोडं कागदावर आणि यंत्रावर, दोन्हीकडे सोडवलं. प्रत्येक बोलावण्यासाठी स्टॅकवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या जागांच्या ढिगावर, नवी जागा आणि शेजारी एक छोटा तक्ता. कुठल्या पातळीची नावं सध्या स्टॅकवर कुठे सापडतील, ते या तक्त्यात. त्याला ‘डिस्प्ले’ हे नाव पडलं. यॉप झोनेफेल्ट यांच्यासोबत त्यांनी इलेक्ट्रॉलॉजिका एक्स१ या डच संगणकासाठी अल्गोल ६० चा कंपायलर लिहायला घेतला. तो पुरा होईपर्यंत दाढी करायची नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. कंपायलर १९६० च्या ऑगस्टमध्ये चालला. झोनेफेल्ट यांनी लवकरच दाढी उतरवली, डाइक्स्ट्रा यांनी ती जन्मभर ठेवली.

अल्गोलचं व्याकरण ज्या पद्धतीनं लिहिलं गेलं, तिच्यातही हीच गंमत आहे. ब्लॉकची व्याख्या करताना ‘ब्लॉक’ हाच शब्द पुन्हा वापरता येतो, म्हणून दोन-चार ओळींत अनंत खोलीची रचना सांगून होते. जॉन बॅकस आणि नाऊर यांची नावं या पद्धतीला चिकटली आहेत. १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी संगणकशास्त्राच्या एका नियतकालिकाला पत्र लिहून सुचवलं, की पाणिनीनं अशाच ताकदीची सूत्रपद्धती कितीतरी आधी वापरली होती, तेव्हा नाव ‘पाणिनी-बॅकस’ असावं. सूचना रुजली नाही. 

भाषा आली, पण कंपायलर लिहिणारे ती पूर्ण पाळतात का? १९६४ मध्ये डोनाल्ड कनूथ यांनी ‘अल्गोल बुलेटिन’मध्ये एक छोटा प्रोग्राम छापला. त्यात एका प्रोसिजरच्या पोटात दुसरी, ती स्वतःलाच बाहेरच्या प्रोसिजरच्या हाती देते आणि बाहेरची पुन्हा आतलीला हाक मारते. बघता बघता बाहेरच्या प्रोसिजरच्या ढीगभर आवृत्त्या एका वेळी जिवंत होतात आणि प्रत्येक आतलीला आपली नेमकी आई ओळखावी लागते. कोणता कंपायलर मर्द आणि कोणता पोरगा, ते यावरून ठरेल, असं कनूथ यांनी मिस्किलपणे म्हटलं. त्यांनी स्वतः हातानं काढलेला अंदाज उणे १२१ होता. खरं उत्तर उणे ६७ निघालं.

यंत्र बनवणाऱ्यांनीही ही रचना मनावर घेतली. बरोज कंपनीनं बी५००० हा संगणक अल्गोल समोर ठेवूनच १९६१ च्या सुमारास घडवला. पुढच्या बी६५०० आणि बी६७०० या यंत्रांत तर डाइक्स्ट्रा यांचा डिस्प्ले प्रत्यक्ष तारांत उतरला. पातळ्यांसाठी त्यात ३२ खास रजिस्टर होते. झुरिकच्या निक्लाउस विर्ट यांनी १९७० मध्ये पास्कल प्रसिद्ध केली आणि पोटात प्रोसिजर ठेवायची सवय जगभरच्या कॉलेजांत पोचली.

१९८२ मध्ये इंटेलनं ८०१८६ हा प्रोसेसर काढला. त्यात ‘एंटर’ नावाची एक सूचना आहे. फंक्शनमध्ये शिरताना ती स्टॅकवर जागा करते, आणि तिला एक आकडा देता येतो: हे फंक्शन किती पातळ्या आत आहे तो, ० ते ३१. दिलेल्या पातळीप्रमाणे ती बाहेरच्या फंक्शनांचा तक्ता आपोआप उतरवून घेते. हे सरळसरळ अल्गोल-पास्कलच्या माणसांसाठी सिलिकॉनमध्ये कोरलेलं काम होतं. इंटेलच्या आजच्या प्रोसेसरांतही ही सूचना आहे, पण कंपायलर तिच्या वाटेला फारसे जात नाहीत. साध्या दोन-तीन सूचनांनी तेच काम लवकर होतं. शिवाय तोवर जग ज्या भाषेकडे वळलं होतं, तिला पातळ्यांची गरजच नव्हती.

ती भाषा सी. तिची आजी म्हणजे मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल. बीसीपीएलमध्ये फंक्शनच्या आत फंक्शन लिहिता येई, पण आतल्याला बाहेरच्याची स्टॅकवरची नावं वापरता येत नसत. म्हणजे दार होतं, पण कुलूप लावलेलं. केन थॉम्प्सन यांनी बी ही भाषा पीडीपी-७ वर बसवली, तेव्हा त्या यंत्रात १८ बिटांचे आठ हजार शब्द एवढीच मेमरी होती. बी आणि तिच्यातून निघालेल्या सी नं मग तो दरवाजाच काढून टाकला. सगळी फंक्शनं एकाच पातळीवर, शेजारी शेजारी. डिस्प्ले नको, घराण्याची माळ नको. सी घडवणाऱ्या डेनिस रिची यांनी पुढे या भाषेच्या इतिहासात ते मोकळेपणानं लिहिलं आहे. काटकसर म्हणून हा निर्णय अगदी बरोबर होता; त्याचा पुढे शिरस्ता झाला ते मात्र तितकंसं बरोबर नव्हतं. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’वर पोसलेल्या भारतातल्या पिढ्यांना फंक्शनच्या आत फंक्शन लिहिता येत नाही, हा निसर्गनियमच वाटत आला.

सी मध्ये आत जाता येतं ते फक्त महिरपी कंसांनी, ब्लॉकच्या आत ब्लॉक करून. त्या खोलीचेही हिशेब झाले. १९८९ च्या प्रमाणानं सांगितलं, की कंपायलरनं निदान १५ पातळ्या झेलल्या पाहिजेत. १९९९ च्या प्रमाणात तो आकडा १२७ झाला. पायथनचा नेहमीचा कंपायलर लूपमध्ये लूप असे २० थर झाले, की हात वर करतो. लिनस टोरवाल्ड्स यांच्या लिनक्स कर्नलची शिस्त त्याहून कडक: तीनपेक्षा जास्त पातळ्या लागल्या तर तुमचं काहीतरी चुकलंय, प्रोग्राम सुधारा.

दरम्यान लिस्प या भाषेच्या गोटात वेगळीच कथा घडत होती. जॉन मॅकार्थी पॅरिसच्या त्या तेरा जणांपैकीच एक. त्यांच्या लिस्पमध्ये फंक्शन आत जन्मे आणि बाहेरही पडे. स्टॅक इथे तोकडा पडतो, कारण बाहेरचं फंक्शन संपलं की त्याची जागा पुसली जाते आणि बाहेर पडलेलं पोर ‘एकूण’ शोधत राहतं. पास्कलनं फंक्शनला बाहेर पडायची बंदी करून प्रश्न टाळला. पीटर लँडिन यांनी १९६४ मध्ये उत्तर मांडलं: फंक्शन आणि त्याच्या भोवतालची नावं यांची एकच मोट बांधा. तिला ‘क्लोजर’ म्हणतात. एमआयटीत जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांनी १९७५ मध्ये स्कीम लिहिली, तेव्हा अल्गोलचे नावांचे नियम आणि लिस्पची मोकळीक एका घरात नांदू लागली. नावं स्टॅकवरून उचलून हीप नावाच्या मेमरीच्या मोकळ्या भागात ठेवायची आणि कोणी वापरेनासं झालं की झाडलोट करायची, एवढी किंमत मोजून.

नेटस्केप कंपनीनं ब्रेंडन आइक यांना घेतलं ते ब्राउझरमध्ये स्कीम बसवायला म्हणून. मग हुकूम झाला, की भाषा जावासारखी दिसली पाहिजे. १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत त्यांनी पहिली जावास्क्रिप्ट उभी केली: वरून जावाचे महिरपी कंस, आतून स्कीमचे क्लोजर. सी वर वाढलेल्या लाखो प्रोग्रामरांच्या हातात फंक्शनच्या आत फंक्शन पुन्हा आलं ते असं, मागच्या दारानं. २००९ मध्ये सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड आलं आणि तिथलं प्रत्येक काम ‘झालं की हे फंक्शन चालव’ अशा बोलीत लिहिलं जाऊ लागलं. त्यात आणखी एक, त्यात आणखी एक. कोड पानाच्या उजव्या कडेकडे सरकत गेला. लोक त्याला ‘कॉलबॅक हेल’ म्हणू लागले. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या प्रमाणातल्या ‘प्रॉमिस’नं आणि २०१७ च्या ‘असिंक-अवेट’नं ती उतरंड पुन्हा सपाट केली.

सी च्या गावात मात्र अजून धुसफूस चालू आहे. जीसीसी कंपायलर गेली अनेक वर्षं स्वतःच्या जबाबदारीवर सी मध्ये आतली फंक्शनं चालवून घेतो. टॉमस ब्रॉयल यांनी १९८८ मध्ये वर्णन केलेली युक्ती तो वापरतो: आतल्या फंक्शनचा पत्ता कोणाला द्यायचा झाला, की स्टॅकवर काही सूचनांचा एक छोटा उडीफळा तयार करायचा आणि त्याचाच पत्ता द्यायचा. पुढे हल्लेखोरांना रोखायला स्टॅकवरचा कोड चालवायलाच बंदी आली आणि युक्ती अडचणीची झाली. क्लँग या दुसऱ्या कंपायलरनं ही सोय घेतलीच नाही. सी च्या प्रमाणात लॅम्डा, म्हणजे बिननावी फंक्शन, आणायचा प्रस्ताव सी२३ पर्यंत पोचला नाही. २०२४ च्या जीसीसी १४ मध्ये काही यंत्रांसाठी तो उडीफळा स्टॅकवरून हटवून हीपमध्ये ठेवायचा पर्याय आला आहे.